माशाखालची वस्ती

पुसद, १२ ऑगस्ट २०२४

प्रिय उर्वशी,

तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे नागपूरला तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर 'सिस्टर उर्वशी' एवढंच लिहून ते तुझ्यापर्यंत येईल की नाही, कोण जाणे. अक्षर ओळखून फाडून टाकणार असशील तर जरा थांब. आज चांगली गोष्ट सांगायची आहे.

रोज साडेसातला टीव्हीवर चाच्यांची मालिका लागते, ती पाहतेस का? शाळेच्या पेटीत मुखपृष्ठ गेलेलं एक पुस्तक होतं बघ, तीच गोष्ट. जहाज, बेट, गाडलेला पेटारा. मालिकावाल्यांनी ती कोकणात आणून बसवली आहे. चाचे नऊवारी लुगड्याचे पट्टे कमरेला बांधून फिरतात आणि एकमेकांना 'गड्या' म्हणतात. मला हसू येतं, तरी एकही भाग चुकवत नाही. त्या पुस्तकात आपण दोघी डोकं घालून बसायचो आणि समुद्र कसा असेल ते एकमेकींना विचारायचो. तू म्हणायचीस, फुटलेल्या कापसाच्या वावरावर वारा सुटला की दिसतं तसा, फक्त निळा. पुढे मी गणपतीपुळ्याला खरा पाहिला. तुझं बरोबर होतं.

आता ऐक. मालिका सुरू होताना एक पिवळट कापडी नकाशा उलगडतो आणि कॅमेरा त्यावरून हळूहळू सरकत जातो. तो नकाशा मी काढला आहे. माझा जुना विद्यार्थी पियुष मुंबईत मालिकांच्या सजावटीचं काम करतो. त्याचा फोन आला, "मॅडम, हातानं काढलेलाच पाहिजे, कॉम्प्युटरचा पडद्यावर खोटा दिसतो." मी मांजरपाट आणला. रात्रभर कोऱ्या चहात भिजवला, दोन दिवस वाळवला, पुन्हा भिजवला. कडा उदबत्तीने जाळल्या. सगळं घर जळक्या कापडाच्या वासाने भरलं होतं. मग टाक घेऊन बेट काढायला बसले आणि हात आपोआप हिवरदरीत शिरला.

खरंच सांगते, मी ठरवलं नव्हतं. मारुतीच्या पाराचा गोल निघाला, त्यापासून शाळेची वाट, कवठाचं झाड, आमच्या घरामागची चिंच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आपण तेरा वर्षांच्या होतो. त्या गावाचं एक घरही बत्तीस वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, आणि इथे ते माझ्या टेबलावर ओलं ओलं वर येत होतं. मी भोवती पाणी काढलं. बेट करायला वेगळं काहीच करावं लागलं नाही. चिंचेखाली लाल फुली मारली, पेटाऱ्याची.

एकदा पाहा. बाकीच्या जुन्या गोष्टी, तो कागद वगैरे, आज नको.

तुझी,
नयन


पुसद, २ सप्टेंबर २०२४

प्रिय उर्वशी,

उत्तर नाही. नसू दे. लिहायची सवय मोडली होती, ती परत लागते आहे.

लोकांनी गाव ओळखलं. पहिला फोन शकुबाईंचा, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या त्या. "माय वं, हा तर आपला पार हाय. पन माह्या गोठ्याचं दार तू उलटीकडं काढलं." मग फोन थांबेनात. पुण्याहून, यवतमाळहून, एक तर दुबईहून. मोबाइलवर एक ग्रुप झाला, 'आपली हिवरदरी', एकशे चाळीस जणांचा. साडेसात वाजले की सगळे नकाशावर चित्र थांबवतात आणि भांडतात. कुणाचा बंधारा राहिला, कुणाचं बोरीचं झाड. बाबा नवीन गावाहून चार वेळा येऊन गेले. तुला ते सरपंच असतानाचे आठवत असतील, पांढऱ्या टोपीतले, ताठ. आता काठी टेकतात. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि संजयला, माझ्या नवऱ्याला, दाखवतात, "जावईबापू, हे पाहा, इथून आम्ही पोळ्याले बैलं काढो."

नवीन गावात समाजमंदिरासमोर माझा सत्कारही झाला. नारळ, शाल. मी शाल पांघरून बसले आणि सारखं वाटत होतं की खालून पाणी येतं आहे.

मला एक स्वप्न पडतं हल्ली. मी पाण्याखाली चालते. श्वास अडत नाही. घरांची दारं उघडी आहेत आणि आत चुलीपाशी मासे बसलेले आहेत, पाहुण्यांसारखे. मी नाल्यापर्यंत जाते. नाल्यात पाणी वाहतं आहे, पाण्याच्या आत वेगळं पाणी. तिथे जाग येते.

बाजारात कांताबाई भेटल्या होत्या, तुझी आई. तब्येत बरी वाटली.

तुझी,
नयन


पुसद, १५ सप्टेंबर २०२४

उर्वशी,

मागच्या पत्रात तब्येत बरी वाटली एवढंच लिहिलं. बाकीचं लिहिलं नव्हतं. लिहायला तेरा दिवस लागले.

त्या लसूण निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या मॅडम." मी म्हटलं, मॅडम काय हो. तर म्हणाल्या, "टीव्हीवर आली तू, आता मॅडमच म्हनाव लागन. नकाशा पाह्यला मी. नातवानं मोबाइलात मोठा करून दाखोला. लय साजरा काढला."

मी खूश झाले. शपथ, मी खूश झाले.

"मंग आमची वस्ती कुठी हाय त्याच्यात?"

मी म्हटलं, ते काल्पनिक बेट आहे, मालिकेसाठी.

"आस्सं. मारुतीचा पार काल्पनिक हाय. शकुबाईचा गोठा काल्पनिक हाय." लसूण पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "नाल्याच्या पल्याड म्या बोट ठेवलं, तर तिथी मासा निंगाला. आमच्या घरावर मासा बसोला वं तू."

आणि हसल्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

घरी येऊन कच्चा आराखडा काढून पाहिला. नाला आहे. नाल्यापर्यंत एकेक झाड आहे. नाल्यापलीकडे, जिथे तुमची चाळीस घरं होती, विहार होता, तुझ्या बाबांचं, धर्मपालकाकांचं, शिवणयंत्र ओट्यावर असायचं, तिथे लाटा आहेत. बारीक, सुबक लाटा. जागा मोकळी दिसते म्हणून मी तिथे एक मोठा मासा काढला होता, जुन्या नकाशांवर असतो तसा, शेपटीला वेटोळं घातलेला. त्याच्यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. धरणाने बुडवलेली तुमची वस्ती मी पुन्हा एकदा बुडवली. एकशे चाळीस लोक रोज त्या नकाशात चुका शोधतात, आणि ही एकालाही सापडली नाही. ग्रुपमध्ये तुमच्याकडचं कुणी नाही, हेही मला त्या दिवशी दिसलं.

आता तो कागदही आला. तो टाळून पुढे लिहिता येणार नाही.

नवीन गावाचे प्लॉट पडायचे होते. आपलं ठरलं होतं, शेजारी शेजारी घर मागायचं, दाराला दार. एका संध्याकाळी बाबांनी मला ड्रॉइंगची वही घेऊन बसवलं. पंचायतीत मांडायला आराखडा हवा होता आणि गावात माझ्याइतकी चांगली रेघ कुणाची नव्हती. ते सांगत गेले, मी काढत गेले. शेवटी म्हणाले, "अन् तेयची वस्ती रस्त्याच्या पल्याड." मी पट्टी ठेवली आणि रस्ता ओढला. पेन्सिलीला टोक केलं होतं. रेघ कुठेही हलली नाही.

तो कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला. तू उभी राहून पाहिलास. माझी झाडं तुला माहीत होती, तीन टिंबं आणि खाली दांडी. तू विचारलंस, "हे तू काढलं काय?" मी म्हटलं, नाही.

तू त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. वर्षभरात मामाकडे नागपूरला गेलीस. मी लोकांना सांगत आले की धरणामुळे आमची ताटातूट झाली.

नयन


पुसद, २८ सप्टेंबर २०२४

प्रिय उर्वशी,

पियुषला फोन केला. म्हटलं, नकाशा अपुरा आहे, माशाखाली एक वस्ती राहून गेली आहे, मला तो बदलायचा आहे. तो म्हणाला, "मॅडम, आता कसं बदलणार? पन्नास भाग झाले. बेट अचानक वाढलं तर लोक मीम करतील." त्यांच्यात एक बाई केवळ हेच पाहते म्हणे, काल ज्या बोटात अंगठी होती त्याच बोटात आज आहे की नाही.

मग थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. लेखकांशी बोलला होता. "मॅडम, त्यांना तुमची कल्पना आवडली."

"माझी कोणती?"

"तो मासा. तो चाच्यानं मुद्दाम काढलाय असं करू. खाली खरी जमीन आहे, ती कुणाला दिसू नये म्हणून. नकाशाचा दुसरा तुकडा दुसऱ्या कुणाकडे आहे आणि तो शेवटच्या भागात सापडतो. तुम्ही तेवढा तुकडा काढून द्या, दसऱ्याच्या आधी."

मी मुद्दाम केलं नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कायले उकरून राह्यली तू? टीव्हीवाल्याले त्याचं काय घेनं-देनं. समुद्र हाय थो, समुद्रच राहू दे." मी म्हटलं, बाबा, तो आराखडा मी काढला होता. ते म्हणाले, "तू कुठी, म्या सांगतला होता." आणि काठी घेऊन अंगणात गेले.

कापड पुन्हा चहात भिजवलं. वाळलं. टाक घेऊन बसले, आणि उर्वशी, मला काहीच काढता येईना. नाल्यापलीकडचं मला फक्त इकडून माहीत आहे. सकाळचा धूर. काठीवरचा निळा झेंडा. एप्रिलात जयंतीची गाणी यायची, वारा फिरला की अर्ध्यात तुटायची. यंत्राची टकटक. कोण कुठे राहायचं, विहीर कुठे, गल्ली कशी वळायची, काही नाही. तू रोज ह्या बाजूला आलीस. मी चार वर्षं तुझ्या शेजारी बसले आणि एकदाही नाला ओलांडला नाही. कुणी अडवल्याचंही आठवत नाही. अडवायची वेळच आली नाही.

तू काढून देशील का? नुसत्या रेघा दिल्यास तरी चालेल. मी वाट पाहीन.

तुझी,
नयन


पुसद, ९ ऑक्टोबर २०२४

प्रिय उर्वशी,

वाट पाहिली. मग परवा कापड आणि शाई घेऊन नवीन गावात गेले, रस्त्याच्या पलीकडे. मी ओढलेली रेघ आता डांबरी आहे, तिच्यावरून पुसद-दिग्रस गाड्या जातात. रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट लागलं.

कांताबाई ओसरीत होत्या. मी सगळं सांगितलं. मालिकेचं, माशाचं आणि त्या जुन्या कागदाचंही. कागदाचं ऐकून म्हणाल्या, "थे मालूम हाय आमाले. उर्वशीनं तवाच सांगतलं होतं." आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. कपाच्या कडेचा टवका उडालेला होता. मी प्याले.

मग मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी काढते.

"काहून? मले हात नाई काय?"

त्यांनी टाक हातात घेतला, मुठीत, विळ्यासारखा. मी म्हटलं, नाल्यापासून सुरुवात करा. त्या म्हणाल्या, "नाल्यापासून तू सुरुवात करशील. आमी विहिरीपासून करू." आणि कापडाच्या मधोमध विहीर काढली, ताटाएवढी. तोवर शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. एक म्हणाली, "विहीर एवढी मोठी होती काय वं?" कांताबाई म्हणाल्या, "पानी किती लागे मंग?"

दुपारभर भांडत काढलं त्यांनी. कुणाचं न्हाणीघर कुणाच्या भिंतीला होतं ह्यावर दोघी अजून बोलत नसतील. झेंड्याला जागा पुरली नाही तेव्हा तो कापडाच्या कडेबाहेर जाऊ दिला. एक तर उठून गेली आणि नवऱ्याला बोलावून आणलं, कडुनिंब किती होते ते सांगायला. तो म्हणाला पाच. सगळ्यांनी त्याला परत पाठवलं. सात काढले. धर्मपालकाकांचं यंत्र काढताना कांताबाई थांबल्या. चाकात किती आऱ्या होत्या ते त्यांना आठवेना. मी म्हटलं, अंदाजाने काढा. त्या म्हणाल्या, "अंदाजानं कायले? चाक फिरत होतं असं काढतो." आणि नुसता गोल फिरवला, दोनदा तीनदा, शाई पसरेपर्यंत.

मी विचारलं, फुली कुठे मारायची, खजिन्याची? शेजारची एक म्हणाली, "गाडलेलं काय असन आमच्याजोळ? सारं उघड्यावरच होतं."

घरी आणून दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, माझा कच्चा आराखडा आणि हा. त्यांच्या कापडावर तीन वाटा नाल्याकडे उतरतात. एक पाण्याची, एक शाळेची, एक आमच्या वावरात कामाला यायची. तिन्ही कडेपर्यंत येतात. माझ्या बाजूने एकही वाट नाल्याकडे जात नाही. त्यांच्या वाटा येऊन माझ्या लाटांत संपत होत्या. मी ते तसंच ठेवलं.

बाबा संध्याकाळी आले. चष्मा पुसून पाहत बसले. मग त्यांनी एका घरावर बोट ठेवलं. "धर्मपालचं घर बरोबर काढलं. दोन पायऱ्या होत्या." मी विचारलं, तुम्ही गेला होता? "मतं मागायले जाच लागे ना." मग बोट तिथेच ठेवून म्हणाले, "चहा पाजे थो. म्या घेतला नाई."

आज कापड मुंबईला रवाना केलं. कांताबाई दसऱ्याला दीक्षाभूमीवर येतील तेव्हा तुझ्याकडे उतरतील. त्यांना विचार, मी काही वाढवून लिहिलं आहे का.

तुझी,
नयन


पुसद, १ डिसेंबर २०२४

प्रिय उर्वशी,

काल फोनवर बोलणं अर्धं राहिलं, म्हणून लिहिते.

शेवटचा भाग मी कांताबाईंकडे पाहिला. ओसरी भरली होती. बाबाही आले होते. ओसरीच्या कडेला बसले. कुणीतरी खुर्ची आणली तेव्हा नको म्हणाले. चाच्याने माशावर दुसरं कापड ठेवलं आणि तुमची वस्ती पडद्यावर आली, ताटाएवढी विहीर, सात कडुनिंब, बाहेर गेलेला झेंडा. अकरा सेकंद. कुणीतरी मोजले. मग चाचे भांडायला लागले आणि ओसरीत कुणालाही पेटाऱ्याची फिकीर राहिली नाही. शेवटी तो कुणाला मिळाला, मला अजून माहीत नाही.

घरी आले तर तुझा फोन. बत्तीस वर्षांनी तुझा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला, आणि तू नमस्कारसुद्धा केला नाहीस. "आईनं दार चुकवलं. आमचं दार विहिरीकडं नव्हतं, झेंड्याकडं होतं. तुले तर मालूम पाह्यजे."

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार, मी कधी आलेच नाही. पत्रात लिहिलं होतं ना.

"वाचलं. सारी पत्रं वाचली. थे एक खोटं लिवलं तू." मग तू सांगितलंस. सातवीत तुला ताप होता, आठवडाभर. मी नाला ओलांडून आले होते, एकटी, ते चाच्यांचं पुस्तक घेऊन. दोन पायऱ्या चढले. आतून आई म्हणाली, आत ये पोरी. मी पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि पळाले. तू खाटेवरून पाहत होतीस. "पाठ दिसली तुई. मले वाटे, परत येशील."

मग म्हणालीस, ड्यूटी आहे, आणि फोन ठेवलास.

मी रात्रभर ते आठवायचा प्रयत्न केला. पहाटे कुठेतरी पायऱ्या आल्या, गार, पायाखाली शेणाने सारवलेल्या. तुझा चेहरा आला नाही. मी आत पाहिलंच नसेल. खोटं म्हणून मी लिहिलं नव्हतं, उर्वशी. पण ते खोटं होतं, आणि इतकी वर्षं मी ते स्वतःला खरं म्हणून सांगितलं, कारण गेलेच नाही असं म्हणणं पळाले म्हणण्यापेक्षा सोपं आहे.

पियुष कापड परत पाठवतो आहे. कांताबाई म्हणतात, दार दुरुस्त करायचं तर जिने चूक काढली तिने करावं. म्हणून मी ते घेऊन येते. शनिवारी सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारी नागपुरात असेन.

तुझ्या घराचा पत्ता मी कांताबाईंना मागितला. "तिलेच माग," म्हणाल्या.

तर मागते आहे. लिहून पाठवू नकोस, काढून पाठव. बसस्थानकापासून सुरू कर. वळणं दाखव, खुणेचं एखादं झाड असेल तर ते दाखव, आणि दार कोणत्या बाजूला आहे ते नीट दाखव. मी आत येईन.

नयन